डिकीत डिझेल सांडलं होतं: वास कशाने गेला आणि कशाने नाही

आधी निकाल सांगते, कारण ज्याच्या गाडीत आत्ता वास मारतोय त्याला सगळं वाचायला धीर नसतो. डिझेल सांडलं असेल तर परफ्यूम, जेल, स्प्रे, ओझोन यात पैसे घालू नका. सरळ सीट कव्हर आणि कुशनची कामं करणाऱ्या माणसाकडे गाडी न्या, सीटा काढायला लावा, कार्पेट उचलायला लावा आणि खालचा फेल्ट, म्हणजे चिंध्या दाबून केलेला जाड थर, बदलून घ्या. वास तिथे असतो. बाकी जे काही विकलं जातं ते सगळं कार्पेटच्या वरच्या वर चालतं आणि डिझेल असतं खाली.

आता सविस्तर. आमची गाडी हॅचबॅक, म्हणजे डिकी आणि आतली बसायची जागा यात भिंत नाही, वरचा तो पार्सल ट्रे सोडला तर सगळी हवा एकच. भाऊजी तासगावकडच्या बागेत औषध फवारायच्या ब्लोअरच्या ट्रॅक्टरला डिझेल घेऊन चालले होते, २० लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, झाकणाच्या आतलं रबर वाळून कडक झालेलं, स्पीड ब्रेकरवर डबा आडवा झाला आणि शेतात पोचेपर्यंत बरंचसं डिझेल डिकीत मुरलं. वरची मॅट काढून धुतली, खालचं पुसलं, दिवसभर दारं उघडी ठेवली आणि संध्याकाळी वाटलं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेबाहेर उन्हात उभी केलेली गाडी उघडली तर आतून असा भपकारा आला की मुलीने बसायलाच नकार दिला. घरी येईपर्यंत तिला मळमळायला लागलं, माझं डोकं धरलं. तिथून पुढे आम्ही काय काय केलं आणि प्रत्येकाचा काय उपयोग झाला ते लिहितेय.

पहिल्यांदा अर्थातच परफ्यूम. डॅशबोर्डवर ठेवायची जेलची डबी, एसीच्या जाळीला लावायची क्लिप, आरशाला टांगायचं पुठ्ठ्याचं झाड. कशाचाच उपयोग नाही, उलट लिंबू अधिक डिझेल असा एक तिसराच वास तयार होतो आणि तो नुसत्या डिझेलपेक्षा जास्त डोक्यात जातो. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी तर फारच वाईट. सासूबाईंनी कापूर ठेवायला सांगितला होता, तोही ठेवला, तेच झालं. एक कळकळीने सांगते, इंधन सांडलेल्या गाडीत वास घालवायला उदबत्ती किंवा धूप लावू नका, पेट्रोल सांडलं असेल तर कधीच नाही. त्यावर खाली लिहिलंय.

मग खायचा सोडा. हा उपाय सगळे सांगतात आणि तो पूर्ण चुकीचा नाही, पण तो कशासाठी आहे ते समजून घ्यायला पाहिजे. सोडा आंबट वासावर चालतो, म्हणजे दूध सांडलं, उलटी झाली, घाम मुरला अशा ठिकाणी, कारण तो आम्लाशी क्रिया करतो. व्हिनेगर उलट्या बाजूने, अमोनियासारख्या वासावर. डिझेल ना आम्ल ना अल्कली, ते सरळ हायड्रोकार्बनचं तेल आहे, त्याला सोड्याने काय होणार आणि व्हिनेगरने तरी काय होणार. सोडा फक्त ओलं तेल थोडं शोषून घेतो आणि ते काम लाकडाचा भुसा त्याच्यापेक्षा चांगलं आणि फुकटात करतो, कुठल्याही गॅरेजमध्ये जमिनीवर ऑइल सांडलं की पोरं भुसाच टाकतात. सांडल्या सांडल्या पहिल्या तासात भुसा दाबून भरला आणि दोन-तीनदा बदलला तर खरंच खूप फरक पडतो. नंतर वास मुरल्यावर सोडा टाकून उपयोग नाही, वर ती पांढरी पूड कार्पेटच्या धाग्यांतून निघता निघत नाही.

ऑनलाइन एन्झाइमवाले स्प्रे मिळतात, पाळीव प्राण्यांच्या घाणीसाठीचे, साधारण चारशे ते सातशे रुपयांत. एन्झाइम असतात लघवी, दूध, अन्न यांतली प्रथिनं आणि चरबी तोडायला. डिझेलवर त्यांचं काही चालत नाही. आम्हाला बाटलीवर सगळ्या प्रकारच्या वासावर असं लिहिलेलं दिसलं म्हणून मागवली होती, वापरून बघितली, काही फरक नाही. कुत्रा असलेल्या घराने जरूर घ्यावी, त्या कामाला चांगली असेल.

आता ज्याच्यावर खरे पैसे गेले ते. एका वॉशिंग सेंटरवाल्याने इंटेरियर क्लीनिंग करून देतो म्हणून साधारण दीड हजार घेतले. त्याने काय केलं तर फोम मारला, ब्रशने घासला आणि मशीनने पाणी ओढलं. सीटा जागेवरच, कार्पेट जागेवरच. गाडी दिसायला अगदी नवी झाली, पण वास तर गेला नाहीच, वर पाण्यामुळे डिझेल आणखी पसरलं, आधी फक्त डिकीत होतं ते मागच्या सीटच्या पायाशी आलं, आणि खालचा फेल्ट ओला राहिल्यामुळे दोन दिवसांनी कुबट वासही त्यात मिसळला. मी परत जाऊन दाखवलं तर म्हणाला, "मॅडम, चार दिवस काचा उघड्या ठेवा, जाईल." नाही गेला. मला राग पैशाचा कमी आणि याचा जास्त आला की गाडी घेताना त्याने डिझेल कुठे सांडलंय, किती सांडलंय, हे एका शब्दाने विचारलं नव्हतं.

दुसऱ्या एका ठिकाणी ओझोन ट्रीटमेंट केली. एक मशीन गाडीत ठेवतात, काचा बंद, एसी आतल्या हवेवर फिरता ठेवतात आणि अर्धा-पाऊण तास चालवतात. बाहेर काढल्यावर खरोखर वास गेलेला होता, त्या जागी पावसाळ्यात वीज चमकून गेल्यावर येतो तसा वास. मी खूश होऊन गाडी घरी आणली. पुढे ऊन तापलं आणि दुपारी वास जसाच्या तसा परत. याचं कारण मला नंतर समजलं. ओझोन हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या रेणूंवर तुटून पडतो, त्यातही ज्यांच्यात दुहेरी बंध आहेत त्यांच्यावर लवकर, म्हणून सिगारेट, जेवण, ओलसरपणा अशा वासांवर त्याचा चांगला परिणाम होतो. डिझेलमध्ये बराचसा भाग संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेल्या, साखळ्यांचा, त्यांच्याशी ओझोनची क्रिया फार सावकाश होते, आणि मुख्य म्हणजे फेल्टमध्ये मुरलेल्या डिझेलपर्यंत तो पोचतच नाही. वरचं साफ होतं, खालून परत वाफ येते. शिवाय ओझोन फुप्फुसांना त्रासदायक आहे, मशीन चालू असताना गाडीत कोणी बसायचं नाही, नंतर सगळी दारं उघडून चांगली हवा खेळू द्यायची, आणि पुन्हा पुन्हा केलं तर रबराला तडे जातात. दमा असलेलं कोणी घरात असेल तर मी हे करूच नका म्हणेन. ओझोन वाईट नाही, पण तो शेवटचा हात आहे, आतलं तेल निघाल्यावर मारायचा.

इथे एक गोष्ट सांगते म्हणजे सगळा घोळ लक्षात येईल. पेट्रोल साधारण ३५ अंशांपासून उकळायला लागतं आणि २०० च्या आसपास संपतं, म्हणजे सांडलं तरी बरंचसं आपोआप उडून जातं. डिझेल मात्र १६० पासून पार ३६० अंशांपर्यंत. उन्हात बंद गाडी किती तापणार, फार तर साठ-पासष्ट. त्यामुळे डिझेल उडून जात नाही, रोज दुपारी थोडं थोडं वाफ सोडत राहतं आणि रात्री गप्प बसतं. म्हणून सकाळी वाटतं वास कमी झाला आणि दुपारी परत डोकं उठतं. मला वाटायचं १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचं, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमातलं, डिझेल आलं, त्यात गंधक १० पीपीएमवर (दहा लाखांत १० भाग) आणलं, आधी ५० होतं, मग वास कमी असेल. पण गंधक हा त्या वासाचा एक भाग, बाकी वास त्या तेलाचाच असतो.

शेवटी मिरजेतल्या एका कुशनवाल्या चाचांकडे गाडी नेली. छोटं दुकान, बाहेर रेक्झिनचे गठ्ठे, आत एक शिलाई मशीन, एक पोरगा हाताखाली. चाचांनी डिकीची मॅट उचलली, कार्पेटची कड वर करून आत अंगठा दाबला आणि मला म्हणाले, "वहिनी, हे बघा." अंगठ्याच्या भोवती तेल वर आलं. इतके दिवस, इतका खर्च, आणि तेल अजून ओलं. म्हणाले, "वरून काय बी मारा, हे हाय तोवर वास जानार न्हाय."

त्यांचं काम मी बराच वेळ उभी राहून बघितलं, म्हणून नीट सांगू शकते. आधी बॅटरीची मायनस वायर काढली आणि थोडा वेळ तसंच थांबले, कारण पुढच्या सीटांखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतात, ते चालू सप्लायवर काढले तर मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि मग स्कॅनर लावायला लागतो. मागची सीट उचलून काढली, दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लॅस्टिक पट्ट्या काढल्या, स्टेपनी बाहेर, पुढच्या सीटांचे बोल्ट सोडले आणि कार्पेट मागून पुढे गुंडाळत आणलं. कार्पेटच्या खाली जाड करडा फेल्ट, चिंध्यांचा दाबून केलेला असतो तसा, डिकीकडून मागच्या सीटच्या पायापर्यंत काळा पडलेला. तो कापून काढला आणि पोराने पिळला तर खरंच डिझेल गळलं.

त्याच्याही खाली जे होतं ते मला कुठल्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं. गाडीच्या पत्र्यावर आवाज कमी करायला डांबरी शीटचे तुकडे चिकटवलेले असतात. डांबर डिझेलमध्ये विरघळतं, रस्त्याची कामं करणारे लोक अवजारांना लागलेलं डांबर डिझेलनेच काढतात. आमच्या डिकीतली ती शीट मऊ लगदा झाली होती आणि सगळं डिझेल धरून बसली होती. चाचांनी पट्टीने ती खरवडून काढली. हे त्यांनी केलं नसतं तर नवा फेल्ट टाकूनही वास राहिला असता, याबद्दल मला शंका नाही. ज्यांना हे काम करून घ्यायचंय त्यांनी ही एक गोष्ट मुद्दाम विचारा, की डांबरी शीट मऊ झालीय का बघणार का.

मग पत्रा. आधी कोरडा भुसा चोळून बाहेर काढला, मग गरम पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकून फडक्याने, फडकी बदलत बदलत, शेवटचं फडकं वास न येणारं निघेपर्यंत. स्टेपनीच्या खड्ड्यात खाली एक रबरी बूच असतं पाणी जायला, ते काढलं तर डिझेल पिऊन फुगलेलं, परत बसेना, नवीन लावलं. डिकीच्या दाराचं रबर, म्हणजे बीडिंग, त्याचाही खालचा तुकडा फुगून चिकट झाला होता. दाराची रबरं ज्या मटेरियलची असतात ते पाण्याला आणि उन्हाला उत्तम पण तेलाला अजिबात टिकत नाही, तेल पितं आणि मग तोच वास सोडत राहतं. तेही बदललं.

कार्पेट धुण्याची त्यांची पद्धत सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. पाणी आधी टाकलं नाही. कोरड्या कार्पेटवर भांड्याचं लिक्विड तसंच, पाणी न घालता, ओतलं, हाताने आणि नरम ब्रशने मुरवलं, अर्धा तास ठेवलं, आणि मग उतारावर टाकून पाण्याने धुतलं. तेल आधी साबणाने धरायला पाहिजे, पाणी आधी गेलं की तेल पळतं, जे आमच्या फोमवॉशमध्ये झालं. असं पुन्हा एकदा करून गच्चीवर उलटं वाळत टाकलं. सीटच्या फोमला फक्त पुढच्या कडेला लागलं होतं, तेवढा भाग कापून नवीन फोम चिकटवला. फोम पूर्ण भिजला असता तर तो धुऊन वाचत नाही असं ते म्हणाले आणि मला ते पटलं, स्पंजच तो, आतपर्यंत पितो.

सगळे मिळून साडेचार हजारांच्या आसपास गेले, नवीन फेल्ट, बूच, बीडिंग आणि मजुरी धरून. गाडी दोन-तीन दिवस सोडावी लागते, ही तयारी ठेवा. तक्रारी पण आहेत. बिल मिळालं नाही, कागदावर आकडे लिहून दिले. एका बाजूच्या उंबऱ्याच्या पट्टीची क्लिप तुटली, ती आता खड्ड्यात टकटक वाजते, आणि त्यांनी ती स्वतःहून सांगितली नाही, मी विचारल्यावर "जुनी क्लिप हाय, सुटतीच" एवढंच. नवीन फेल्ट मूळच्या इतका जाड नाही, रस्त्याचा आवाज थोडा वाढलाय. पण वास गेला. मे महिन्याच्या उन्हात दुपारी बंद गाडी उघडली तरी काही नाही. मुलगी पुन्हा मागे बसून पुस्तक वाचते, माझ्यासाठी यापेक्षा मोठं स्टार रेटिंग नाही.

काम झाल्यावर आठवडाभर अगदी हलका वास होता, त्यासाठी कोळशाच्या पिशव्या वापरल्या, आणि या वस्तूला मी चांगलं म्हणेन, फक्त योग्य वेळी वापरली तर. ॲक्टिव्हेटेड चारकोलच्या एका ग्रॅमला आतल्या छिद्रांमुळे पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त पृष्ठभाग असतो, वाफ त्यावर चिकटून बसते, त्यामुळे हवेतला उरलासुरला वास तो खरंच ओढतो. पण ७५ ग्रॅमची ती छोटी पिशवी आरशाला टांगून काही होत नाही, अर्धा किलोच्या दोन घ्या, एक डिकीत, एक सीटखाली. पाकिटावर लिहितात की उन्हात ठेवली की परत नवी होते आणि दोन वर्षं चालते. ओलावा उन्हाने निघतो हे खरं, डिझेलसारखं जड तेल त्या उन्हाने नीट सुटत नाही, म्हणून डिझेलला वापरलेली पिशवी महिन्याभराने टाकून द्या, तीच परत परत वाळवत बसू नका. सोबत एसीचा केबिन फिल्टर बदला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, कार्बनवाला मिळाला तर तोच टाका. आमचा जुना फिल्टर नाकाशी धरला तर त्यालाही वास होता.

पेट्रोल सांडलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आधी वास नाही, आग बघायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती गाडीच्या तळाशी साचते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी ठिणगीने पेट घेते. म्हणून ओल्या पेट्रोलवर घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, त्याच्या मोटरच्या ब्रशमध्ये ठिणग्या असतात, हेअर ड्रायर नाही, वाफेचं मशीन नाही. गाडी मोकळ्यावर, सगळी दारं उघडी, फडक्याने टिपायचं, ती फडकी घरात आणायची नाहीत. वाफ अंगावर घेत बसू नका, पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं आणि ते कॅन्सर करणारं म्हणून सिद्ध झालेलं आहे. लहान मूल असलेल्या घरात तर पूर्ण वास जाईपर्यंत ती गाडी वापरू नये असं माझं स्पष्ट मत.

आणि काहीच सांडलेलं नसताना वास येत असेल तर क्लीनिंगवाल्याकडे नाही, आधी मेकॅनिककडे जा. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली इंधन पंपाचं झाकण असतं, त्याचं सील गेलं की वास थेट आत येतो. डिझेल गाडीत फिल्टरचा जोड किंवा इंजेक्टरची रिटर्न पाइप झिरपते आणि एसीच्या हवेतून वास येतो. पेट्रोल गाडीत पंपावर ऑटो कटऑफ झाल्यावरही "राऊंड फिगर करा" म्हणून वर भरत राहिलं तर वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल जातं आणि मग दिवसेंदिवस वास येतो. सीएनजी असेल आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. तो घालवायचा नाही, व्हॉल्व्ह बंद करून गाडी तपासायची. सिलेंडरची टेस्ट दर ३ वर्षांनी करायची असते, ती तारीख पण त्याच वेळी बघून घ्या.

डब्याबद्दल थोडं, कारण शेतीवाल्या घरांत गाडीतून डिझेल नेणं काही थांबणार नाही. डबा गळ्यापर्यंत भरू नका. तापमान २० अंशांनी वाढलं तर २० लिटर डिझेल पाव लिटरपेक्षा जास्त फुगतं, सकाळी भरलेला डबा दुपारी झाकणातून गळतो तो यामुळे. झाकणातलं रबर दरवर्षी बदला, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. आता भाऊजी द्राक्षाच्या क्रेटमध्ये जाड प्लॅस्टिक अंथरून त्यात डबा उभा ठेवतात आणि क्रेट मागच्या सीटच्या हुकाला पट्ट्याने बांधतात, क्रेट आडवा होत नाही आणि गळलं तरी प्लॅस्टिकमध्येच राहतं.

सेकंड हँड गाडी बघायला गेलात आणि आत परफ्यूमचा जोरदार वास आला तर डिकीची मॅट उचला, कार्पेटच्या खाली टिश्यू पेपर घालून तळव्याने मिनिटभर दाबून धरा आणि तो टिश्यू उन्हात धरून बघा. पाण्याचा डाग वाळतो, डिझेलचा वाळत नाही, कागद पारदर्शक राहतो. तसा निघाला तर किमतीतून पाच हजार कमी करायला सांगा, कारण तेवढा खर्च तुम्हाला येणारच आहे.